चार माणसांचा चौरस किलोमीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडाविषयी मराठीत काही छापून आले की एक आकडा हमखास येतो: दर चौरस किलोमीटरला चार माणसे. शेजारी महाराष्ट्राचे ३६५ (२०११ ची जनगणना) ठेवले जातात आणि वाचणाऱ्याच्या मनात आपसूक प्रश्न येतो, ‘एवढी जमीन पडून आहे, तेल आहे, हिरे आहेत, मग तिथे राहायला खोली मिळत नाही असे मुले फोनवर का सांगतात?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या चारच्या आकड्यात मात्र नाही. तो आकडा खरा असूनही कॅनडात माणसे कशी राहतात हे त्यातून कळत नाही. शाळेत आम्ही शिक्षक मंडळी तो फळ्यावर लिहून पुढे सरकतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी त्या चारचीच झडती घेऊ. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत ३,६९,९१,९८१ माणसे मोजली गेली. देशाचे एकूण क्षेत्रफळ ९९,८४,६७० चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला तर ३.७ येतात. पण या क्षेत्रफळात सुमारे ८.९ लाख चौरस किलोमीटर नुसते गोडे पाणी आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट तळी आणि नद्या. म्हणून कॅनडाचे सांख्यिकी खाते फक्त जमिनीचे क्षेत्रफळ, ८७.८९ लाख चौरस किलोमीटर, हिशेबात धरते आणि घनता ४.२ देते. जून २०२३ मध्ये लोकसंख्येने ४ कोटींचा टप्पा ओलांडला. तो आकडा घेतला तर घनता साडेचारच्या वर जाते. एकाच देशाचे तीन आकडे तीन पुस्तकांत दिसतात त्याचे कारण एवढेच: भाजक कोणता घेतला आणि वर्ष कोणते, हे लिहायचे राहून जाते.

पण खरी अडचण याहून मोठी आहे. कॅनडाची दोन तृतीयांश माणसे अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत राहतात, आणि हा पट्टा देशाच्या भूभागाच्या जेमतेम ४ टक्के आहे. या पट्ट्याची घनता काढली तर ती साठ ते सत्तरच्या दरम्यान येते. गडचिरोली जिल्ह्याची २०११ ची घनता ७४ होती. म्हणजे पूर्व-पश्चिम हजारो किलोमीटर पसरलेला तो अख्खा पट्टा सरासरीने आपल्या गडचिरोलीसारखा आहे. त्यातही रॉकी पर्वत आणि सुपीरियर सरोवराच्या उत्तरेचे निर्मनुष्य जंगल आलेच. ते वगळले तर उरलेल्या ठिपक्यांत चांगलीच दाटी आहे. टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकूव्हर या तीनच महानगर क्षेत्रांत मिळून १ कोटी ३१ लाख माणसे आहेत, म्हणजे देशाच्या ३५ टक्क्यांहून जास्त. ओटावा, कॅलगरी आणि एडमंटन मिळवले की सहा शहरांत जवळपास निम्मा देश येतो.

अक्षांशाकडे पाहिले तरी हेच दिसते. दर तीन कॅनडावासीयांपैकी दोन ४९ अंश उत्तरेच्याही खाली राहतात. लंडन ५१ अंशांच्या पुढे आहे. टोरांटो ४३ अंशांवर आहे, आणि ऑन्टॅरियोचे दक्षिणेकडचे टोक तर थेट रोमच्या अक्षांशावर. ‘उत्तरेचा देश’ म्हणून आपण जो रंगवतो त्याची माणसे देशाच्या तळाशी गोळा झालेली आहेत.

यावर भूगोलात उपाय आहे आणि तो नववीच्या मुलालाही जमतो. माणसांना जमिनीने भागण्याऐवजी माणसाच्या बाजूने विचार करायचा: प्रत्येक माणसाला ‘तुझ्या प्रांतात दर चौरस किलोमीटरला किती माणसे आहेत?’ असे विचारून त्या उत्तरांची सरासरी काढायची. कृती अशी. प्रत्येक प्रांताची लोकसंख्या त्याच प्रांताच्या घनतेने गुणा. तेराही प्रांत-प्रदेशांचे गुणाकार मिळवा. बेरजेला देशाच्या लोकसंख्येने भागा. ऑन्टॅरियो १ कोटी ४२ लाख गुणिले १५.९, क्वेबेक ८५ लाख गुणिले ६.५, ब्रिटिश कोलंबिया ५० लाख गुणिले ५.४, अल्बर्टा ४२.६ लाख गुणिले ६.७, असे करत गेलात की उत्तर दहाच्या आसपास येते. चारचे दहा झाले, तेही नुसत्या प्रांतांच्या पातळीवर. हेच शहरांच्या आणि वस्त्यांच्या पातळीवर नेले तर आकडा शेकड्यांत आणि मग हजारांत जातो. मुले इथे एक चूक हमखास करतात: तेरा घनता मिळवून तेराने भागतात. मग साडेसातच्या आसपास काहीतरी येते आणि त्याला अर्थ नसतो, कारण त्यात दीड लाख वस्तीच्या प्रिन्स एडवर्ड बेटाला दीड कोटीच्या ऑन्टॅरियोएवढेच वजन मिळते. महाराष्ट्राच्या २०११ च्या ३५ जिल्ह्यांवर हीच कृती करून घ्यावी. मुंबई उपनगर २०,९८० आणि गडचिरोली ७४ एकाच राज्यात असताना ३६५ या सरासरीत राहणारे किती, हे मुलांना लगेच उमजते.

आता कारणांकडे वळू. ‘थंडी’ हे उत्तर अर्धवट आहे. विनिपेगला जानेवारीच्या रात्री उणे वीस अंश ही नेहमीची गोष्ट आहे, तरी त्या शहरात साडेसात लाख माणसे राहतात. त्याच अक्षांशावर, तशाच थंडीत, पूर्वेला ऑन्टॅरियोचा उत्तर भाग जवळजवळ मोकळा आहे. फरक पायाखाली आहे. हडसन उपसागराभोवती घोड्याच्या नालासारखा पसरलेला कॅनडियन शिल्ड हा अतिप्राचीन कठीण खडकाचा प्रदेश देशाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी त्याच्यावरची माती खरवडून नेली. मागे उरला उघडा खडक, त्याच्या खळग्यांत साचलेली असंख्य तळी, दलदल आणि सूचिपर्णी जंगल. त्या खडकात निकेल, तांबे, सोने, युरेनियम, लोखंड सगळे आहे, पण नांगर घालायला माती नाही. जी माती खरवडली गेली ती दक्षिणेत साचली. सगळ्या देशात शेतीखाली जमीन सहा-सात टक्केच, आणि त्यातलीही पहिल्या प्रतीची जमीन अर्ध्याहून जास्त दक्षिण ऑन्टॅरियोत, म्हणजे नेमकी जिथे टोरांटो पसरते आहे तिथे.

या खडकाने देशाचे दोन तुकडे केले आहेत, आणि त्यांना जोडणारा दोरा किती बारीक आहे याचे उदाहरण १० जानेवारी २०१६ रोजी दिसले. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला निपिगॉन नदीवर केबलने तोललेला नवा पूल नुकताच वाहतुकीला खुला झाला होता. कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात पश्चिम टोकाकडचे बोल्ट तुटले आणि पुलाचा पृष्ठभाग जवळपास साठ सेंटिमीटर वर उचलला गेला. त्या ठिकाणी देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा दुसरा रस्ताच नाही. ट्रकना अमेरिकेतून वळसा घालावा लागला. दुसऱ्या दिवशी एक मार्गिका सुरू झाली. दाट वस्तीच्या देशात एखादा पूल गेला तर शेजारी दुसरा असतो, इथे नसतो. विरळ वस्तीची किंमत अशी भरावी लागते.

शिल्डच्या पश्चिमेला माती पुन्हा चांगली होते आणि गव्हाचा प्रेअरी प्रदेश सुरू होतो. इथली वस्ती सरकारने ठरवून केली. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन दिली जाई. अट अशी की, त्यावर राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. १८८५ मध्ये कॅनडियन पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाली आणि माणसे येऊ लागली. क्लिफर्ड सिफ्टन १८९६ ते १९०५ गृह खात्याचे मंत्री असताना पूर्व युरोपातून शेतकऱ्यांची मोठी लाट आली. गावे रेल्वेच्या कडेने ठरावीक अंतरावर बसली, कारण गव्हाची कोठारे बारा ते सोळा किलोमीटरवर बांधली जात. भरलेली घोडागाडी एका दिवसात तेवढेच अंतर जाऊन परत येऊ शके. १९३० च्या दशकात अशी साडेपाच हजारांहून जास्त कोठारे होती आणि प्रत्येकाभोवती दुकान, शाळा, चर्च.

मग दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी एकदम आली. सस्कॅचवानची लोकसंख्या १९३१ मध्ये ९,२१,७८५ होती आणि हा देशातला तिसऱ्या क्रमांकाचा प्रांत होता. १९५१ मध्ये ती ८,३१,७२८ वर उतरली. दुष्काळ संपल्यावरही गावे भरली नाहीत, कारण तोवर ट्रॅक्टर आणि ट्रक आले होते. ट्रकला सोळा काय, शंभर किलोमीटरही जड नाहीत, त्यामुळे लहान कोठारे पाडून मोजकी काँक्रीटची टर्मिनल उभी राहिली आणि रेल्वेचे फाटे बंद झाले. १६० एकरांवर कुटुंब जगत असे त्या प्रांतात आज सरासरी शेत सतराशे एकरांच्या पुढे आहे. पीक कमी झाले नाही, उलट वाढले. माणसे लागेनाशी झाली. ‘संपन्न शेती म्हणजे दाट वस्ती’ हे आपले गणित भातशेतीच्या मुलखातले आहे. प्रेअरीत ते लागू पडत नाही.

खनिजांचेही तसेच. संपत्ती सापडली की शहर वसते, असा आपला समज झारखंडच्या जमशेदपूरवरून किंवा आपल्या बल्लारपूरवरून झालेला असतो. कॅनडाने तसे करून पाहिले आणि हात पोळून घेतले. सस्कॅचवानच्या उत्तर टोकाला युरेनियम सिटी वसवली. १९८२ मध्ये खाण बंद झाली, आणि हजारोंच्या वस्तीच्या त्या गावात २०२१ मध्ये शंभर माणसेही उरली नव्हती. क्वेबेकमध्ये लोहखनिजासाठी वसवलेले गॅन्यों हे गाव १९८५ मध्ये बंद केले आणि घरे जमीनदोस्त केली. ‘वायव्य प्रदेश’ (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) या उत्तरेकडच्या भागातल्या पाइन पॉइंटचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेच झाले. घरे विकली, काही चाकांवर चढवून दुसरीकडे नेली. खाणीचे आयुष्य वीस-तीस वर्षे असते. शाळा, नळ, दवाखाना, सभागृह यांचा खर्च मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने करावा लागतो. हे जमत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी आणि सरकारांनी गावे वसवायचे थांबवले.

आज काय चालते ते पाहा. वायव्य प्रदेशाची राजधानी यलोनाइफच्या ईशान्येला तीनेकशे किलोमीटरवर एकाटी (१९९८) आणि डायव्हिक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी उघडल्या. त्यांच्याभोवती एकही गाव नाही. कामगार विमानाने येतात, छावणीत राहतात, साधारण दोन आठवडे काम करून दोन आठवड्यांच्या सुट्टीला विमानानेच घरी जातात. इंधन, सिमेंट आणि यंत्रे मात्र विमानाने परवडत नाहीत. त्यासाठी दर हिवाळ्यात टिबिट ते काँट्वॉइटो हा बर्फाचा रस्ता नव्याने बांधतात. त्याचा बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो. आधी हलकी वाहने जाऊन रडारने बर्फाची जाडी मोजतात. मग बर्फावरचा हिम बाजूला सारतात, कारण भुसभुशीत हिम गोधडीसारखा असतो, त्याखाली बर्फ जाड होत नाही. जिथे पातळ असेल तिथे पाणी ओतून थर वाढवतात. रस्ता साधारण फेब्रुवारी-मार्च असा आठ-दहा आठवडे चालतो.

भार किती झेपेल याचा जुना सोपा ठोकताळा आहे: जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, चारने गुणा, किलोग्रॅम मिळतील. मीटरभर बर्फाला ४० टन, अर्ध्या मीटरला फक्त १० टन. जाडी निम्मी झाली की भार चौथाईवर येतो, म्हणून हिवाळा जरा उबदार गेला तरी सगळा हिशेब कोसळतो. वेगालाही मर्यादा आहे. भरलेला ट्रक ताशी २५ किलोमीटरच्या वर नेत नाहीत, कारण त्याच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, ती काठावर आपटून परतते आणि बर्फ आतून फोडते. २००६ चा हिवाळा असाच उबदार निघाला. रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेला माल भारी खर्च करून विमानाने न्यावा लागला. ज्या जमिनीत जगातले उत्तम हिरे आहेत तिथे सिमेंट पोहोचवायला वर्षातले दोन महिने मिळतात. तिथे शहर का नाही, याचे उत्तर आणखी कुठे शोधायला नको.

या ये-जा पद्धतीने जनगणनेतही एक गोम निर्माण होते. कॅनडाची जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या घरी मोजते, कामाच्या जागी नाही. अल्बर्टातल्या तेलवाळूच्या (तेल मिसळलेल्या वाळूच्या) खाणींवरच्या छावण्यांत राबणारा माणूस पार पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंडच्या एखाद्या गावात नोंदला जातो. म्हणून फोर्ट मॅकमरे ज्यात येते त्या वुड बफेलो नगरपालिकेने स्वतःची वेगळी मोजणी केली. २०१८ च्या मोजणीत एकूण १ लाख ११ हजारांत सुमारे ३६ हजार माणसे ही अशी छावण्यांतली ‘सावलीची लोकसंख्या’ होती. रस्ते, दवाखाने, कचरा, पाणी हे तेही वापरतात, पण राष्ट्रीय घनतेच्या नकाशावर ते तिथे दिसत नाहीत. आपल्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात बीड आणि कोल्हापूरच्या नकाशांचे जे होते तेच.

आता नुनावुत, कॅनडाच्या उत्तर टोकाचा प्रदेश. सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहे. १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झालेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापट आहे आणि २०२१ मध्ये त्यात ३६,८५८ माणसे होती, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. घनता ०.०२, म्हणजे पन्नास चौरस किलोमीटरला एक माणूस. कागदावर याहून ऐसपैस जागा पृथ्वीवर फारशा नाहीत. आणि त्याच २०२१ च्या जनगणनेत आढळले की उत्तर ध्रुवाकडच्या भागातले मूळ रहिवासी असलेल्या इनुइट लोकांच्या पारंपरिक प्रदेशात राहणाऱ्या इनुइटांपैकी ५२.९ टक्के लोक दाटीच्या घरांत राहतात. दाटी म्हणजे कुटुंबातली माणसे, त्यांची वये आणि नाती पाहता लागतील तेवढ्या झोपण्याच्या खोल्या घरात नाहीत. देशातली सगळ्यात विरळ जमीन आणि सगळ्यात गच्च घरे एकाच ठिकाणी आहेत. क्षयरोग तिथून हटत नाही त्यामागे ही दाटीही आहे.

असे का होते? नुनावुतमध्ये २५ गावे आहेत. त्यांतले एकही दुसऱ्याशी किंवा दक्षिणेशी रस्त्याने जोडलेले नाही. जमीन खोलवर कायम गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो आणि चिखल होतो. त्यावर आपल्यासारखा पाया घालून घर बांधले तर घरातली ऊब खाली झिरपते, बर्फ वितळतो, घर एका अंगाला खचते. म्हणून जमिनीत खोल भोके पाडून खांब गोठवून बसवतात आणि घर जमिनीपासून उचलून धरतात, खालून वारा खेळता राहावा म्हणून. ही मोकळी जागा कुणी सामान ठेवायला म्हणून फळ्या मारून बंद केली की काही वर्षांत खांब हलायला लागतात. पाण्याचे नळ जमिनीत पुरता येत नाहीत. वायव्य प्रदेशातल्या इनुविकमध्ये ते जमिनीवरून उष्णतारोधक पेटीतून फिरवले आहेत. नुनावुतच्या बहुतेक गावांत तेही नाही. टँकर येऊन घरातली टाकी भरतो, दुसरा टँकर सांडपाण्याची टाकी उपसतो. हिमवादळात दोन दिवस टँकर आला नाही की पाणी संपते, आणि सांडपाण्याची टाकी भरली तर पाणी असूनही नळ बंद ठेवावा लागतो. घरात सहांऐवजी बारा माणसे असतील तर हे किती लवकर घडते ते सांगायला नको.

लाकूड, खिळे, काचा, बॉयलर हे सगळे उन्हाळ्यात समुद्र मोकळा असताना, साधारण जुलै ते ऑक्टोबर, जहाजाने येते. बहुतेक गावांत धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबते, माल तराफ्यावर उतरवून भरतीच्या वेळी किनाऱ्याला लावतात. म्हणजे घराची यादी वसंतातच पक्की लागते. जहाज चुकले, किंवा पेटीत एक भाग कमी निघाला, तर तो विमानाने आणा नाहीतर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहा. माल आल्यावर बांधकामाला उरतात थोडे आठवडे. तेवढ्यात खांब आणि छप्पर झाले तर हिवाळ्यात आतले काम करता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये राजधानी इकालुइटच्या नळाच्या पाण्यात इंधन मिसळले तेव्हा पिण्याचे पाणी दक्षिणेतून विमानाने आणावे लागले, तेही काही आठवडे. साडेसात हजारांच्या गावाला.

‘रिकामी जमीन’ हा शब्दच आम्हाला खटकतो. इनुइट, डेने, क्री या मूळ रहिवाशांची शिकारीची आणि मासेमारीची क्षेत्रे या जमिनीवर शतकानुशतके ठरलेली आहेत. रेनडियरच्या जातीच्या कॅरिबूंचे कळप शेकडो किलोमीटर फिरतात आणि माणसे त्यांच्यावर जगतात, तर एवढी जमीन ‘वापरात’ आहे असेच म्हणावे लागते. तिथे बाहेरून माणसे नेऊन ठेवण्याचा एक प्रयोग कॅनडाच्या सरकारने केला आणि त्याची आठवण आजही बोचते. १९५३ आणि १९५५ मध्ये क्वेबेकच्या इनुकजुआकमधून इनुइट कुटुंबांना दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूट इथे हलवले गेले. शिकार भरपूर मिळेल, वाटल्यास परत येता येईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात महिनोन्महिने सूर्य न दिसणारा, ओळखीचे प्राणी नसलेला मुलूख मिळाला आणि परतीची सोय झाली नाही. त्या ओसाड बेटांवर आपली वस्ती आहे हे जगाला दाखवण्याची सरकारला गरज होती असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. नकाशावरची पांढरी जागा भरायला माणसे वापरू नयेत, हे त्या कुटुंबांनी सोसून शिकवले.

तिन्ही उत्तरी प्रदेश मिळून भारतापेक्षा मोठे आहेत आणि त्यांत २०२१ मध्ये १,१८,१६० माणसे होती. त्यातही युकॉनच्या ४०,२३२ पैकी २८ हजारांवर एकट्या व्हाइटहॉर्समध्ये, वायव्य प्रदेशाच्या ४१,०७० पैकी निम्मे यलोनाइफमध्ये. रशियाने तशाच गोठलेल्या जमिनीवर नोरिल्स्क आणि याकुत्स्कसारखी लाख-लाखांची शहरे उभारली. एकट्या नोरिल्स्कमध्ये कॅनडाच्या तिन्ही प्रदेशांहून जास्त माणसे आहेत. नोरिल्स्कमागे सक्तमजुरीच्या छावण्यांचा इतिहास आहे, तो विसरून ‘रशियाला जमले, कॅनडाला का नाही’ असे विचारता येत नाही.

राहता राहिला टोरांटोचा प्रश्न, आपल्या मुलांचा. २०१६ ते २०२१ मध्ये आलेल्या स्थलांतरितांपैकी २९.५ टक्के टोरांटो महानगरात उतरले, माँट्रियल आणि व्हँकूव्हर धरून निम्म्याहून जास्त. टोरांटो शहराची घनता ४,४२८ आहे. मुंबई उपनगराच्या सुमारे पाचवा हिस्सा वाटते, तरी खोल्या का मिळत नाहीत? दक्षिणेला सरोवर आहे. उत्तरेला २००५ पासून सुमारे १८ लाख एकरांचा संरक्षित हरितपट्टा आहे, आणि तो रास्तच आहे, कारण ती देशातली उत्तम शेतजमीन आहे. आणि मधल्या शहरात निवासी जमिनीच्या बहुतांश भागावर वर्षानुवर्षे एका प्लॉटवर एकच घर बांधायची परवानगी होती. चार बिऱ्हाडांपर्यंतची घरे सर्वत्र बांधू द्यायचा निर्णय शहराने मे २०२३ मध्ये घेतला. तोवर एका रस्त्यावर पन्नास मजली मनोरा आणि मागच्या गल्लीत बंगले असे शहर तयार झाले होते. टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनच्या तळघरातली भाड्याची खोली ही अशा नियमांतून आलेली आहे, देशात जमीन नाही म्हणून नव्हे.

‘मग त्यांना उत्तरेच्या लहान गावांत पाठवा’ हे कॅनडालाही सुचले होते. २०१९ ते २०२४ थंडर बे, टिमिन्स, सडबरी, मूस जॉ अशा अकरा ठिकाणांसाठी वेगळी योजना चालवली. नोकरी तिथली असेल तर कायम वास्तव्याची वाट सोपी होई. अनेकांना तिचा खरा फायदा झाला. पण कॅनडाच्या हक्कांच्या सनदेचे सहावे कलम कायम रहिवाशालाही देशात कुठेही जाऊन राहण्याचा, काम करण्याचा हक्क देते, त्यामुळे कुणाला बांधून ठेवता येत नाही. आणि ठेवूही नये. माणूस टिकतो तो जोडीदारालाही नोकरी, मुलांना शाळा, जवळ रुग्णालय आणि आपल्या भाषेची चार घरे असतील तर. अशा ठिकाणी जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या शुल्काबरोबर तीन गोष्टी आधीच पाहाव्यात: सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय किती तासांवर आहे, हिवाळ्यात बस चालते का, आणि गावातला मुख्य रोजगार एकाच खाणीवर किंवा गिरणीवर अवलंबून आहे का. तिसरे उत्तर ‘हो’ असेल तर ती खाण आणखी किती वर्षे चालणार हेही विचारावे. ही माहिती कंपन्या आपल्या वार्षिक अहवालांत प्रसिद्ध करतात.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. देशांच्या तुलनेचा तक्ता छापताना घनतेच्या रकान्याखाली तीन गोष्टी द्याव्यात: आकडा कोणत्या वर्षाचा, क्षेत्रफळ एकूण की फक्त जमिनीचे, आणि देशातली किती टक्के माणसे पहिल्या तीन महानगर क्षेत्रांत राहतात. कॅनडासाठी त्या ओळी अशा होतील: २०२१; फक्त जमीन; ३५.५ टक्के. एवढ्याला तक्त्यात एक ओळ जागा लागते.

आपले विश्वासू,
भूगोलाचे दोन शिक्षक, सातारा